जब्दी होडीतच राहिला

पाचूबंदर कोळीवाड्यात स्वतःची बोट चालवणाऱ्या पास्कू तांडेलाला मी भर प्रार्थनेत, पंचवीसतीस माणसांसमोर, "आपल्या बंदरावरचा जब्दी" म्हणालो. ते नाव त्याला चिकटलं, आणि त्याच्या घरात आधीच जे बिघडलं होतं ते आणखी बिघडलं. मी हे चांगल्या हेतूने केलं होतं. माझे बहुतेक मूर्खपणे चांगल्या हेतूचेच असतात. वाईट हेतू धरायला जी हुशारी लागते ती माझ्याकडे नाही.

जब्दी म्हणजे गालीलच्या तळ्यावरचा कोळी. याकोब आणि योहान या दोन प्रेषितांचा बाप. शुभवर्तमानात त्याला काम फार थोडं आहे. दोघं पोरं बापासोबत होडीत बसून जाळी सांधताहेत, काठावरून येशू चाललाय, तो हाक मारतो, पोरं उठतात, बापाला नोकरमाणसांसोबत होडीत सोडतात आणि निघून जातात. ज्या वाक्यात बाप येतो त्याच वाक्यात तो मागे राहतो. तो काही बोलत नाही, रडत नाही, पोरांच्या मागे धावत नाही. लिहिणाऱ्याला घाई होती, आणि वाचणाऱ्यांना त्याहून जास्त.

यंदाचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ सुरू झाला आहे. कपाळावर राख लावून घेताना नव्या फादरांचा अंगठा थंडगार लागला. देवळातली फुलं गेली, वेदीवर जांभळं कापड आलं, आलेलुयाचं गाणं बंद. लग्नं थांबल्यामुळे बँडवाले दुपारी सावलीत पत्ते खेळतात. पहाटे अजून चादर लागते आणि अकरा वाजता अंगातला सदरा नकोसा होतो. वाडीत मोगरा फुटला आहे, आणि खाडीकडून वारा फिरला की सुकत घातलेल्या बोंबलांचा वास पापडी गावापर्यंत येतो. या दोन वासांची जी काही भेसळ होते तिला मी लहानपणापासून प्रायश्चित्ताचा वास समजत आलो आहे. शुक्रवारी आम्ही मांस खात नाही. पापलेट हे मांस नाही, ही आमची अढळ श्रद्धा आहे, आणि तिच्यासाठी आम्ही वाटेल ती किंमत मोजतो.

मागच्या आठवड्यात फादरांचा फोन आला. संध्याकाळच्या घरोघरच्या प्रार्थनांना या वर्षीही चिंतन द्याल ना, सर? मी घसा बसलाय म्हणालो. घसा ठणठणीत आहे. बसलंय ते आत काहीतरी दुसरंच, त्याला डॉक्टर नाही.

बाहेरच्या वाचकाला सांगायला हवं, की उपवासकाळात आमच्याकडे संध्याकाळी एकेका घरी आळीतली माणसं जमतात. ओटीवर प्लास्टिकच्या खुर्च्या, स्टुलावर क्रोशाचा रुमाल, त्यावर बायबल, शेजारी मेणबत्ती. एक उतारा वाचायचा, कुणीतरी तो उलगडून सांगायचा, मग प्रार्थना, मग चहा. तो कुणीतरी म्हणजे इतकी वर्षं मी. शाळेत मराठी शिकवत होतो, आवाज खणखणीत, आणि थांबायचं कधी हे कळत नसल्यामुळे लोकांना वाटायचं की याला पुष्कळ माहीत आहे. त्यातून अवघड वचनांचा स्पेशालिस्ट अशी माझी ख्याती झाली. आईबापांचा द्वेष केल्याशिवाय माझा शिष्य होता येणार नाही, असं येशू म्हणतो. ते कोण सांगणार? मास्तर. बापाला पुरून येतो म्हणणाऱ्याला तो म्हणतो, मेलेल्यांना मेलेले पुरू देत. आणि आमच्याकडे तर माणूस मातीला आला नाही तर त्याच्याशी तीन पिढ्या बोलणं बंद. तिथे कोण? मास्तर. अब्राहामाने देवाच्या सांगण्यावरून पोराच्या गळ्यावर सुरी धरली, तीही मास्तरांनीच खाली ठेवायची.

माझ्याकडे तीन किल्ल्या होत्या आणि त्यांनी सगळी कुलपं उघडायची. त्या काळी तिकडे अशी पद्धत होती. हे शब्दशः घ्यायचं नसतं. आणि सगळ्यात भारी म्हणजे, मूळ भाषेत या शब्दाचा अर्थ जरा वेगळा आहे. मूळ भाषेतलं एक अक्षर मला येत नाही. पण हे वाक्य उच्चारलं की बायका मान डोलवतात आणि पुरुष घड्याळाकडे बघायचं थांबतात.

एकदाच किल्ली अडकली होती. द्राक्षमळ्याचा दाखला होता. सकाळपासून राबलेल्याला जेवढी मजुरी तेवढीच संध्याकाळी पाचला आलेल्याला. एका वाडीवाल्याने मला मधेच थांबवलं आणि म्हणाला, मास्तर, हे माझ्या ओटीवर मोठ्याने वाचू नका, माझे मजूर मागच्या पडवीत बसलेत, उद्यापासून सगळे पाचला येतील. तेव्हा खूप हसलो आम्ही. आता वाटतं, त्या उताऱ्यावर मनापासून घाबरलेला असा तोच एक माणूस मी पाहिला. आम्ही बाकीचे चहाची वाट बघत होतो.

तर तो उपवासकाळ. वर्ष सांगत नाही; मास्क नुकतेच उतरले होते एवढं पुरे.

पास्कू तांडेलाचा एकुलता मुलगा मेल्विन माझा विद्यार्थी. शांत, डोळे खाली ठेवून ऐकणारा, निबंधात कमी शब्द लिहिणारा. म्हणजे माझा त्याच्यावर काही परिणाम झाला नव्हता. बी.कॉम. झाला, दोन वर्षं बापासोबत बोटीवर गेला, आणि मग धर्मगुरू व्हायचं म्हणाला. जूनमध्ये सेमिनरीत जायचं ठरलं. आमच्याकडे घरातला मुलगा धर्मगुरू होणार म्हणजे नुसता मान नसतो, गाव तुमच्याकडे बघायची नजर बदलतं. त्याची आई फिलूबाय पापडीच्या शुक्रवारच्या बाजारात मासळी विकते. तिच्या पाटीभोवतीच्या बायका एकदम हळू आवाजात भाव करू लागल्या होत्या.

पास्कू मात्र काहीच बोलला नाही. हो नाही, नाही नाही. त्याने एकच केलं. आमच्या घरांतून संध्याकाळची प्रार्थना संपली की धाकट्यांनी थोरल्यांपुढे यायचं आणि थोरल्यांनी त्यांच्या कपाळावर अंगठ्याने क्रूस काढायचा, ही जुनी रीत आहे. पोरगं कितीही मोठं होवो, सकाळी बापाशी भांडलेलं असो, संध्याकाळी कपाळ पुढे करायचं. पास्कूने ते थांबवलं. प्रार्थना संपायच्या आत उठायचा, चपला घालायचा आणि धक्क्यावर जाऊन बसायचा. मेल्विन कपाळ घेऊन उभा राहायचा. फिलूबाय मग स्वतःच क्रूस काढायची, आणि एकीकडे दाराकडे बघायची.

मेल्विनचं म्हणणं एवढंच होतं की डॅडींच्या हातचा क्रूस घेतल्याशिवाय मी जाणार नाही. जून जवळ येत होता. तेव्हाच्या फादरांना यातून वाट सापडेना, म्हणून त्यांनी मला बोलावलं. त्यांचाही हेतू चांगलाच होता.

पास्कूच्या घरची प्रार्थना उपवासकाळ संपत आला असताना, झावळ्यांच्या रविवारच्या आधीच्या आठवड्यात आली. घर अगदी किनाऱ्याजवळ, अंगणात काठ्यांच्या मांडवावर बोंबील उलटे टांगलेले. उतारा मीच निवडला. मला फार आनंद झाला होता तो सुचल्यावर. कोळ्याच्या घरी कोळ्याची गोष्ट. मी येशूची हाक सांगितली, पोरांचं उठणं सांगितलं, आणि मग स्वतःच्या आवाजावर खूश होऊन म्हणालो की त्या दिवशी सगळ्यात मोठा त्याग कुणी केला असेल तर तो जब्दीने. आणि आज आपल्या बंदरावरचा जब्दी इथे आपल्यासमोर बसला आहे. हात पुढे करून दाखवलासुद्धा.

कोपऱ्यातून कुणीतरी हसलं. वाईट हसणं नव्हतं. पास्कूचं तोंड लांबट आहे, दाढीही होती. चित्रातल्या म्हाताऱ्या कोळ्यासारखा तो दिसत होता खरा. हसणं खुर्च्याखुर्च्यांतून फिरलं. पास्कू उठला. मला वाटलं नेहमीसारखा जाईल. तो गेला नाही, उभा राहून विचारता झाला.

"मास्तर, दुसऱ्या दिवशी बोट कोन घेऊन गेला?"

मी म्हणालो, कुठली बोट?

"जब्दीची. पोरं गेली. दुसऱ्या दिवशी बोट दर्यात गेली का नाय?"

आणि मला इतकं बरं वाटलं, कारण याचं उत्तर मला येत होतं. मी तर्जनी उंचावून सांगितलं की नोकरमाणसं होती, तसं स्पष्ट लिहिलं आहे, पगारी खलाशी होते त्याच्याकडे. पास्कू मग चपला घालून गेला. चहाला फिलूबायने कप माझ्यासमोर ठेवला तो जरा दणकून ठेवला.

नाव सुटलं ते दुसऱ्या दिवशी पहाटेच्या मासळीच्या लिलावात. जब्दी आला, बाजूला व्हा. जब्दीची पाटी उचला. बंदरावर प्रत्येकाला एक टोपणनाव असतंच. कुणी कावळा, कुणी इंजिन. त्यात काही द्वेष नसतो, पण आजवर पास्कूला ते कुणी देऊ शकलं नव्हतं, कारण त्याच्यात चिकटण्याजोगं काही नव्हतं. ते काम मी केलं. आता हाक मारली की नावातच ती गोष्ट यायची: पोरगा सोडून गेलेला. शुक्रवारी बाजारातून आमची बायको परत आली आणि पिशवी ओट्यावर ठेवत म्हणाली की फिलूबायने मासळी दिली पण पैसे घेताना तुमची चौकशी केली नाही. आमच्या संसारात मी जितके अपमान मिळवले आहेत त्यांची बातमी मला नेहमी अशी मासळीबरोबरच आली आहे.

पास्कू आता प्रार्थनेच्या वेळी घरीच थांबेना. झावळ्यांचा रविवार झाला, पवित्र सप्ताह झाला. पुनरुत्थानाच्या सकाळी सगळं पाचूबंदर नवे कपडे घालून देवळात, आणि मेल्विन आईसोबत एकटा. बाप ओहोटीत आडव्या झालेल्या बोटीत बसून जाळं सांधत होता असं कुणी सांगितलं. मी ते ऐकलं आणि बायबल पुन्हा उघडलं, कारण उताऱ्यात नेमकं तेच चित्र आहे. त्या दोन हजार वर्षांपूर्वीच्या माणसाकडे आपण किती सहज पाठ करून उभे राहिलो होतो.

आपण अवघड म्हणतो ती वचनं रक्ताची असतात, सुरीची, आगीची. तिथे सगळेच थांबतात, फादरही पाणी पितात. ही जब्दीची ओळ कुणाला अवघड वाटलेली मी पाहिली नाही. ती घसरगुंडीसारखी वाचली जाते. अडखळण्याचा हक्क ज्याचा होता तो होडीतच राहिला, आणि पुस्तक पुढे गेलेल्यांनी लिहिलं.

असं काहीबाही मनात येऊ लागलं तेव्हा मी गप्प बसायला हवं होतं. त्याऐवजी मी अभ्यास केला. जब्दीचं नाव जिथे जिथे येतं ते सगळं शोधून काढलं, आणि मे महिन्यात एका दुपारी, बायबल प्लास्टिकच्या पिशवीत घालून, पाचूबंदरला गेलो. ओहोटी होती. बोटीपर्यंत चिखलातून जायचं होतं. मधेच माझी चप्पल आत गेली, ती काढायला वाकलो तर दुसरी गेली, आणि मग मी स्वतःच गुडघ्यापर्यंत. बोटीतून पास्कू हे सगळं शांतपणे बघत होता. शेवटी उतरला, मला दंडाला धरून उपटला आणि वर घेतला. पिशवी कोरडी होती. बाकी मी जे काही होतो ते चिखल होतं.

त्याने पाणी दिलं. सुई पुन्हा जाळ्यात घातली. त्याच्या बोटांचं चाललं होतं तोवर मला धीर आला आणि मी माझा शोध सांगितला, की तांडेल, जब्दी काही एकटा पडला नव्हता, त्याची बायकोसुद्धा पुढे येशूच्या मागे गेली, क्रुसाजवळच्या बायकांत तिचा उल्लेख आहे.

पास्कूची सुई थांबली.

"म्हंजे घरी कोनच नाय?"

हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. मी घाईघाईने पुढचं काढलं. म्हणालो, पण पोरं परत आली; सगळं होऊन गेल्यावर, येशू उठल्यानंतर, तीच दोघं बाकीच्यांबरोबर पुन्हा तळ्यावर आली, होडीत चढली, रात्रभर जाळी टाकली.

"काय गावला?"

काही नाही, मी म्हणालो. येशू येईपर्यंत एक मासा नाही.

पास्कू हसला. त्या अख्ख्या उन्हाळ्यात मी त्याला पहिल्यांदा हसताना पाहिलं. "इसरले असतील," तो म्हणाला. धक्क्यावर कुणीतरी बर्फ फोडत होतं. बंदरामागच्या जुन्या किल्ल्याच्या तटावरून घारी खाली यायच्या आणि मांडवावरच्या बोंबलांवरून नुसत्याच फिरून जायच्या. खारं ऊन डोळ्यांत जात होतं. मला फार थकल्यासारखं झालं. चिखलाने नाही, सांगण्याने. आयुष्यभर दुसऱ्यांच्या दाराशी अर्थ घेऊन उभा राहिलेला फेरीवाला, आणि पाटीतला माल आज मलाच नको होता.

मग तो आपणहून बोलला. फार नाही बोलला, पण जे बोलला त्याने माझ्या तिन्ही किल्ल्या चिखलात गेल्या. म्हणाला की मेल्विनने आधी फादरांना सांगितलं, मग आईला, मग तुम्हाला शाळेत येऊन सांगितलं. पण मला, त्याच्या बापाला, कसं कळलं ठाऊक आहे? लिलावात एकाने माझा हात हातात घेतला आणि म्हणाला, अभिनंदन तांडेल. मी विचारलं, कशाचं?

"मी देवाला 'नाय' बोललो नाय, मास्तर. मना कोनी इचारलाच नाय."

आणि जाळ्याची गाठ दातांनी तोडून पुढे म्हणाला, "जब्दीला पन नाय इचारला. बोट काठालाच होती. दोन शब्द लागतात, नेऊ काय म्हनून. तेवडं पन नाय."

मूळ भाषेत याचा अर्थ जरा वेगळा आहे, असं काही मला म्हणता आलं नाही. देवावरचा हा आरोप मी पहिल्यांदाच ऐकत होतो, आणि तो करणारा माणूस देवावर चिडलेला नव्हता. घरातल्या वडीलधाऱ्यावर रुसावं तसा रुसला होता. याला काय उत्तर द्यायचं ते फादरांना विचारलं होतं नंतर. ते म्हणाले, देवाची हाक आणि बापाची परवानगी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बरोबरच आहे. ते ऐकून जब्दी होडीतून उतरला असता असं मात्र मला वाटत नाही.

तिथून मी तसाच, वाळलेल्या चिखलासकट, त्याच्या घरी गेलो. मेल्विन अंगणात होता, फिलूबाय जवळ्याची बारीक सुकट वाळायला पसरत होती. एका वाक्याचं काम होतं. मी सुरुवात अब्राहामापासून केली. अब्राहाम पोराला घेऊन मोरिया डोंगराच्या पायथ्याशी पोचतो न पोचतो तोच फिलूबाय म्हणाली, मास्तर, काय सांगायचं ते सांगा, ऊन उतरतंय. तेव्हा कुठे मी म्हणालो की बाबा रे, तुझ्या बापाला कुणी विचारलेलं नाही.

मेल्विन खाली बघत राहिला. मग म्हणाला, "मला भीती वाटली, सर. विचारलं आणि नाही म्हणाले तर?"

मी विचारलं, तर काय केलं असतंस?

"तरी गेलो असतो. म्हणूनच विचारलं नाही."

फिलूबायचा हात जवळ्यावर तसाच राहिला. मला वाटतं त्या पोराने त्या उताऱ्यावर माझ्यापेक्षा खरं चिंतन दिलं. ज्या प्रश्नाचं उत्तर आपण आधीच ठरवून ठेवलंय तो प्रश्न विचारायचा कसा? आणि न विचारता निघालं तर मागे राहिलेल्याच्या हातात काय उरतं? पुष्कळदा वाटतं, जब्दीला विचारलं नाही ते याच भीतीने, पोरांनीही, लिहिणाऱ्यांनीही. कदाचित हाक मारणाऱ्यानेही. हे शेवटचं लिहिताना पेन जरा अडखळलं. राहू दे.

पावसाळ्यासाठी मासेमारी बंद व्हायच्या आधीच्या शेवटच्या फेरीला मेल्विन बापासोबत गेला. दर्यात त्यांचं काय बोलणं झालं ते कुणाला माहीत नाही. खलाशी सोबत होते, पण ते उत्तर प्रदेशचे, त्यांना आपली भाषा अर्धी कळते, आणि इंजिनाचा आवाज. परत आले तेव्हा दोघांचीही तोंडं उन्हाने रापलेली. मासळी बेताची. फिलूबायने बाजारात आमच्या बायकोला सांगितलं ते एवढंच, की त्या संध्याकाळी प्रार्थना संपली तरी तो उठला नाही. पोरगा पुढे आला. बापाने कपाळावर क्रूस काढला, पण इतका जोरात दाबून, की पोराचं डोकं मागे गेलं. हो म्हणाला का, असं आमच्या बायकोने विचारलं. फिलूबाय म्हणाली, बघू म्हणाला.

मेल्विन गेला त्या दिवशी त्याला सोडायला अर्धं बंदर गेलं. मीही होतो, भाषण कुणी करायला सांगितलं नाही. पास्कू आला नाही. पाऊस टेकला होता आणि बोट वर ओढून शाकारायची होती. तो रुसवा होता की काम होतं, हे मी बरेच दिवस घोळवत होतो. आता वाटतं, बोट खरंच वर ओढायची होती.

जब्दी हे नाव राहिलंच. तो आता त्याला ओ देतो.

यंदा या सगळ्या आठवणी निघाल्या त्या परवाच्या शुक्रवारी, पापडीच्या बाजारात. घसा बसलेला माणूस म्हणून मी खरं तर घराबाहेर पडायला नको होतं. पण मुशीच्या भावावरून फिलूबायशी माझा चढ्या आवाजात वाद चालला असताना तिच्या मागे गोणपाटावर बसलेला पास्कू म्हणाला की घसा चांगला हाय की तुमचा, फादर तर देवळात मिस्सेला तुमच्यासाठी प्रार्थना करायला सांगत होते. त्याचे गुडघे गेलेत. बोट खलाशीच नेतात. हा आठवड्यातून दोनदा चढतो, उरलेले दिवस बायकोच्या मागे बसून तिने भाव पाडला की उसासे टाकतो. मेल्विनला धर्मगुरू व्हायला अजून बरीच वर्षं आहेत. सुट्टीत येतो, आल्याआल्या आधी बोटीवर जातो.

मी त्याच्या शेजारी टेकलो. ऊन पायांपर्यंत आलं होतं. कुठल्याशा पाटीतल्या बर्फाचं पाणी आमच्या चपलांखालून वाहत होतं. पास्कूने माझ्या मुलाची चौकशी केली. तो विरारला नव्या टॉवरमध्ये राहायला गेला आहे. येशूमागे गेला नाही, लिफ्ट आणि पोहण्याच्या तलावामागे गेला. वीस मिनिटांचं अंतर. महिन्यातून एकदा येतो, गाडी दाराशी चालूच ठेवतो. वाडीतली केळी मी एकटाच तोडतो, मोगरा बायको तोडते, आणि संध्याकाळी प्रार्थना झाली की आम्ही दोघं म्हातारे एकमेकांच्या कपाळावर क्रूस काढतो, कारण दुसरं कुणी कपाळ नाही. हे सगळं मी पास्कूला सांगितलं. सांगता सांगता गळा भरून आला, थोडा खरा आणि थोडा सवयीचा, आणि मी म्हणालो की तांडेल, खरं सांगू, आता मीसुद्धा जब्दीच झालोय.

पास्कूने गुडघ्यावरची माशी हाकलली.

"इचारला होता का त्यानं, जायच्या आदी?"

विचारलं होतं, मी म्हणालो. ओटीवर माझ्यासमोर बसून विचारलं होतं, पप्पा, आम्ही जाऊ का.

"मग तुमी काय बोलला?"

मी सांगू लागलो. घर म्हणजे काय, वाडी म्हणजे काय, उधळ्या पुत्राच्या दाखल्यात थोरल्या भावाची बाजू नेमकी कोणती, इस्राएल लोकांना रानात का फिरावं लागलं. मला आठवत होतं तेवढं सगळं मी क्रमाने सांगत होतो. फिलूबायने दोन गिऱ्हाइकं केली. पास्कूने हात वर करून मला थांबवलं.

"तुमी कसले जब्दी, मास्तर? जब्दीची पोरं देव घेऊन गेला. तुमचा पोरगा तुमच्या बडबडीला कंटालून गेला."